भुताचा केक ओघळला तरी चालतो

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलंय: मुलगी आठ वर्षांची. इमारतीतल्या पंधरा मुलांनी मिळून ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन पार्टी ठरवली आहे आणि केक करायचं काम यांच्या गळ्यात पडलंय. घरात छोटा ओटीजी आहे, बीटर नाही. अंडं चालत नाही. कोन हातात धरून नक्षी कधी काढलेली नाही. मागच्या वाढदिवसाला पाकिटातलं क्रीम फेटून लावलं होतं, ते कापायच्या आधीच खाली उतरलं. आता सोपा, पण बघून मुलं ‘ईऽऽ’ करतील असा केक हवाय.

ताई, मी मालवणात गेली सतरा वर्षं घरून केक करून देते. तुमचं क्रीम खाली आलं यात तुमच्या हाताचा दोष फारसा नाही. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेलेला, ऊन चटके देतंय, हवा मात्र अजून ओलीच. दुपारी पंख्याखालीसुद्धा पारा तिशीच्या वर. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे बटरक्रीमला आपल्या स्वयंपाकघरात जगायला जागाच उरत नाही. पाकिटातलं व्हिपिंग क्रीम फ्रीजमधून काढून बर्फाचे कण असतानाच फेटावं लागतं, भांडंसुद्धा गार लागतं, आणि त्यानंतरही अर्ध्या तासाच्या आत केक परत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. आणि अमूलच्या निळ्या खोक्यातलं फ्रेश क्रीम तर फेटायला घेऊच नका. त्यात स्निग्धांश २५ टक्के, फुगायला निदान तिशीच्या वर लागतो. कितीतरी जणी तासभर हात दुखवून घेतात आणि मग मला फोन करतात.

तेव्हा पहिला सल्ला हाच की क्रीमचा नाद सोडा. हे शहाणपण मला सुरुवातीलाच एका ऑर्डरने शिकवलं. तारकर्लीला उतरलेल्या मुंबईच्या पाहुण्यांना हॅलोवीनचा केक हवा होता. मी चॉकलेट केकवर पांढऱ्या क्रीमची सात भुतं उभी केली, टोकदार डोकी, काळे डोळे, अगदी चित्रातल्यासारखी. रिक्षाने घेऊन गेले. उघडून बघते तर चार भुतं आडवी, एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीत. मी पैसे कमी करायचं मनात धरून उभी, आणि मुलं आडव्या भुतांसाठी भांडायला लागली. उभ्या तिघांना कुणी विचारेना.

भुताच्या केकची हीच गंमत. लग्नाच्या केकवर एक ओघळ आला तर आपलं नाव जातं, इथे ओघळ म्हणजे रक्त, तडा म्हणजे थडगं, वाकडी रेघ म्हणजे कोळ्याचं जाळं. म्हणून सजावट अशीच निवडायची की जी आपल्या हवेत बिघडली तर उलट जास्त खुलेल. आणि रंग दोनच ठेवायचे, फार तर तिसरा लाल. काळपट तपकिरी आणि पांढरा पुरेत. जांभळा, हिरवा, नारिंगी असं सगळं एकाच केकवर आलं की भूत पळून जातं आणि जत्रेतलं दुकान राहतं.

आता केक. पंधरा मुलांना २० सेंटीमीटरचा, म्हणजे आठ इंची चौकोनी ट्रे पुरतो, चार गुणिले चार सोळा तुकडे होतात. सोळावा तुमचा. मैदा १९० ग्रॅम, म्हणजे दीड कप. साखर एक कप, कोको पाव कप, खायचा सोडा एक सपाट छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, हे सगळं चाळून एकत्र. दुसऱ्या भांड्यात पाणी एक कप (२४० मिली), वास नसलेलं तेल ८० मिली, व्हिनेगर एक मोठा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा. अंडं नाही, दही नाही, दूध नाही, बीटर नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस घ्या. कोकमाचं आगळ घालू नका, मी घालून बघितलंय, त्यात इतकं मीठ असतं की केकची सोलकढी होते.

ओटीजी १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. कारण आंबट आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटायला लागतो, आणि तुम्ही त्यानंतर ट्रेला तूप लावत बसलात तर तो तुमची वाट बघत थांबत नाही. व्हिस्कने किंवा साध्या काट्याने वीस-पंचवीस वेळा फिरवा, बारीकसारीक गुठळी राहिली तर राहू दे, जास्त घोटलं तर केक चिवट होतो. मिश्रण पातळ दिसेल, ताकापेक्षा जरा दाट. घाबरून मैदा वाढवू नका. तीस ते पस्तीस मिनिटांत होतो. मध्ये सुरी घालून बघा, कोरडी आली की बाहेर.

ऐन वेळी लाईट गेली (आपल्याकडे ती जाणारच), तर कुकर आहेच. रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची, तळाला वाटीभर मीठ पसरून वर स्टँड, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पाणी घालायचं नाही. पण कुकरात चौकोनी ट्रे मावत नाही, गोल डबा घ्या आणि मिश्रण अर्ध्याच्या वर भरू नका.

हॅलोवीन म्हटलं की भोपळा आलाच पाहिजे असं काहींना वाटतं. तिकडे आयर्लंड-स्कॉटलंडात मुळात सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे मोठाले नारिंगी भोपळे सापडले, सलगम मागे पडलं. आपल्याकडे पावसात मांडवावर चढवलेल्या वेलाचे भोपळे याच सुमाराला घरात रचलेले असतात, आणि निम्म्यांचे घारगे करून झालेले असतात. उरलेल्याचा केक करायचा तर वरच्याच मापात कोको काढा, मैदा दोन मोठे चमचे वाढवा, पाणी एक कपाऐवजी फक्त ८० मिली घ्या आणि वाफवून घोटलेला लाल भोपळा पाऊण कप घाला. सुंठ, जायफळ हवं तेवढं. पाच-सात मिनिटं जास्त भाजावा लागतो. रंग मात्र नारिंगी नव्हे, गव्हाळ-पिवळा येतो. तो गडद करायला म्हणून मी एकदा हळद घातली आणि केकभर तांबडे डाग उठले. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, कुंकू करतात ते तरी काय, हळदीला चुन्यासारखं काहीतरी लावूनच. तो केक मी ‘रक्ताळलेला भोपळा’ म्हणून खपवला. तुम्ही हळद टाळा.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी चॉकलेटचा केक आणि वर कोळ्याचं जाळं. याहून सोपी आणि याहून जास्त वाहवा मिळवणारी सजावट मला माहीत नाही. हे जरा सावकाश सांगते, कारण सगळा खेळ दोन मिनिटांचा आहे.

केक पूर्ण थंड झालेला हवा. दुपारी भाजलात तर रात्री सजवा. वरचा फुगवटा सुरीने कापून सपाट करा, कापलेला चुरा डब्यात ठेवा, तो पुढे लागेल. पांढरं कंपाउंड चॉकलेट २०० ग्रॅम बारीक चिरा. कंपाउंड म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल वापरलेलं, दुकानात लादी मिळते ते. खवय्ये त्याला नाकं मुरडतात, मुरडू द्यात. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याला तापमान सांभाळून घोटत बसावं लागतं. कंपाउंड वितळवलं, ओतलं, बसलं. ते गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून वितळवा आणि त्यात ७० मिली फ्रेश क्रीम गरम करून मिसळा (फेटण्यासाठी नालायक ते इथे कामाला येतं). चॉकलेट एकटं वितळत असताना त्यात पाण्याचा किंवा वाफेचा एक थेंब पडला तर त्याचा रवाळ गोळा होतो. झाकण ठेवू नका, चमचा कोरडा, वाटीची बाहेरची बाजूही पुसलेली. साधा पाण्यातला खायचा रंगही वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालू नका, त्याच कारणाने.

दुसऱ्या छोट्या वाटीत काळं कंपाउंड ३० ग्रॅम, अर्धा चमचा तेल घालून वितळवा. कोन नको. दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, उलटी करून, अगदी खडखडीत वाळवून घ्या. एका कोपऱ्यात चॉकलेट ओता, वरून पीळ द्या आणि टोकाला शिवणाच्या सुईने भोक पाडा. कात्रीने कापलंत की भोक हमखास मोठं होतं.

आता पांढरं केकवर मधोमध ओता आणि ट्रे कलता करून कडेपर्यंत जाऊ द्या. कडेवरून खाली ओघळलं तर पुसू नका. पांढरं ओलं असतानाच मधल्या ठिपक्यापासून सुरुवात करून काळ्याची गोल गोल वर्तुळं काढा, बोटभर अंतरावर, चार किंवा पाच. जिलेबीसारखी एकसलग गुंडाळी झाली तरी चालते. मग टूथपिक घ्या, मध्यावर टेकवा आणि एका दमात बाहेर कडेपर्यंत ओढा. टोक पुसा. पुन्हा मध्यावरून बाहेर. चार दिशांना चार, मग त्यांच्या मधे मधे चार, अशा आठ रेघा. टूथपिक फक्त वरचा थर खरवडेल एवढीच टेकवायची, खोल रुतवली की केकचा चुरा वर येतो. तिसऱ्या-चौथ्या रेघेला तुमच्या डोळ्यांसमोर जाळं उमटायला लागेल. पहिल्यांदा करताना मीही स्वतःशीच ‘अगोबाई’ म्हटलं होतं.

फसतं ते एकाच कारणाने, मधे फोन येतो. पांढऱ्यावर साय धरली की रेघ ओढली न जाता तुटते. तसं झालंच तर रेघा तशाच राहू द्या आणि म्हणा, जाळं जुनं आहे.

जाळ्यावर कोळी हवा. यासाठी मी इडलीपात्र वापरते. केकचं मिश्रण थोडं बाजूला काढून तेल लावलेल्या इडलीच्या खळग्यात अर्धं अर्धं भरायचं आणि दहा-बारा मिनिटं वाफवायचं. मऊ, घुमटाकार इडल्या मिळतात, त्या कोळ्याच्या पोटाला अगदी नेमक्या. वरून काळं कंपाउंड ओतलं की अंग तयार. पाय मात्र पूर्वी मी चॉकलेटच्या रेघा काढून गोठवायचे, ते लावतानाच मोडायचे. २०२४ साली नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरलाच आली. पहाटे अभ्यंगस्नान, अंगणात कारीट फोडणं, पोहे-फराळ, आणि दुपारी चारला मला दोन भुताचे केक द्यायचे. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, ‘गो बाय, दिवाळेच्या दिवसाक ह्यां काय करतंस? पहाटे नरकासुर जाळलो आणि दुपारी घरात भुतां?’ आणि बोलता बोलता त्यांनीच हातातली मोडकी चकली कोळ्याच्या पोटाला टेकवून बघितली. तेव्हापासून पाय चकलीचे. बाहेरच्या वेढ्याचे कमानीसारखे तुकडे घ्यायचे, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. चकलीचे काटे म्हणजे कोळ्याच्या पायावरची लव. खारट-तिखट चकली आणि चॉकलेट ही जोडी चमत्कारिक वाटेल, पण मुलं आधी पायच खातात. पाय वाढायच्या आधी अर्धा तास लावा, लवकर लावले तर मऊ पडून लोंबतात. डोळ्यांना पांढऱ्या कंपाउंडचे ठिपके, त्यावर काळा. आठ डोळे काढले तर जास्त भीतीदायक, दोन काढले तर गोंडस, तुमच्या मुलीला विचारून घ्या.

आता रक्त. बाजारात लाल जेल मिळतं, ते खाल्ल्यावर मुलांचे दात दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहतात. आपल्या घरात याहून चांगलं रक्त आहे आणि त्याला चवही आहे: कोकम. सरबताचा साखरेचा पाक घ्या, ज्याला अमृत कोकम म्हणतात तो. बाटली घेताना मात्र बघा, पुष्कळ जण त्यात जिरं-मीठ घालतात. ते नको, नाहीतर रक्ताला सरबताचा वास येतो. अर्धा कप पाक मंद आचेवर ठेवा, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून त्यात ओता आणि ढवळत राहा. आधी ते गढूळ, गुलाबीसर दिसेल. मिनिटभरात बुडबुडे आले की एकदम पारदर्शक आणि गडद होतं. त्या क्षणी गॅस बंद करायचा. आणखी दाट होईल म्हणून उकळत ठेवलंत तर उलट पातळ होतं, आंबटामुळे कॉर्नफ्लोअरची पकड सुटते, आणि रंगही विटका पडतो. गार झाल्यावर चमच्याच्या पाठीवरून जाड थेंब सावकाश सुटला पाहिजे. हे केकच्या कडेवर चमच्याने सोडायचं, मधल्या भागात नाही. थेंब स्वतःची वाट शोधत खाली जातो, एक लांब, एक आखूड, आपण ठरवून काढला तर असा कधी जमत नाही. वाळलेलं रक्त दाखवायचं असेल तर वेगळ्या वाटीत चमचाभर घेऊन त्यात सोड्याचा अगदी चिमटीच्या टोकाएवढा कण टाका. फेस येईल, आणि लाल रंग काळपट जांभळ्याकडे झुकेल. कोकमाचा रंग आंबटात लाल असतो, सोड्याने फिरतो. हे मुलांसमोर करा, केकपेक्षा याचीच चर्चा जास्त होते. फक्त ते चवीला चांगलं लागत नाही, दोन-चार रेघांपुरतंच वापरा. बिटाचा रस आटवून रक्त करण्याच्या फंदात पडू नका, बीट शिजवलं की हळूहळू तपकिरी होतं आणि मातकट लागतं.

जाळं नकोच असेल तर ममी आहे. लांबट केक, वर पांढऱ्या गनाशच्या (म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या त्याच मिश्रणाच्या) आडव्यातिडव्या पट्ट्या, मधून डोकावणारे दोन डोळे. पट्ट्या एकसारख्या आल्या तर वाईट दिसतात, तेव्हा हात थरथरला तर थरथरू दे. किंवा स्मशान. मघाशी ठेवलेला केकचा चुरा माती म्हणून पसरायचा, त्यात पार्ले-जी उभे रोवायचे, मागची साधी बाजू पुढे करून. त्यावर काळ्या चॉकलेटने मुलांना हवं ते लिहू द्या. आमच्याकडे एका मुलाने ‘सहामाही’ असं लिहून परीक्षा गाडली होती. बिस्किटं ओल्या हवेत तासाभरात मान टाकतात, अगदी शेवटी लावा. चेटकिणीचे केस हवे असतील तर मिठाईच्या दुकानातली सुतरफेणी विस्कटून वर ठेवा, पण तीही वाढतानाच.

थडग्यावर क्रॉस काढू नका, एवढी माझी विनंती. ३१ ऑक्टोबर ही मुळात ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, आदली संध्याकाळ, आणि त्याआधी आयर्लंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागतानाचा ‘साविन’ नावाचा जुना सण याच सुमारास असायचा. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. इंग्लंडात पूर्वी याच दिवसांत मुलं, गरीब माणसं दारोदार जायची आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात त्यांना छोटे मसालेदार ‘सोल केक’ मिळायचे. आपण पितरांसाठी वाडी ठेवतो, त्याच्याच गावची गोष्ट. तेव्हा खेळ करावा, पण कुणाच्या कबरीचा करू नये. एका गिऱ्हाइकाने मला वेताळाचा केक सांगितला होता, ‘आपलं लोकल भूत’ म्हणून. मी नाही म्हटलं. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक केळ्यांचे घड आणि मोठाल्या वहाणा वाहतात, तो आमच्याकडे देव आहे, त्याच्यावर सुरी कोण फिरवणार? हडळ, मुंजा, पाण्यातला गिऱ्हा हे चालतील. गिऱ्ह्याचा केक मी अजून केलेला नाही, कुणी सांगितला तर आवडीने करीन.

काही गोष्टी चित्रात बघून तुम्हाला मोह पडेल, त्यातल्या आपल्या हवेत न चालणाऱ्या सांगून टाकते. मेरिंगची भुतं, एकतर त्यात अंड्याचा पांढरा असतो, आणि ओल्या हवेत ती चिकट होऊन बसकण मारतात. म्हातारीचे केस जाळं म्हणून लावले तर दहा मिनिटांत साखरेचं पाणी. फोंडंट (केकवर लाटून लावतात ते साखरेचं आवरण) फ्रीजमधून बाहेर काढलं की घाम फुटल्यासारखं चकाकतं. त्याऐवजी काजूकतलीचा गोळा करा: २०० ग्रॅम काजूची पूड, १०० ग्रॅम साखरेचा एकतारी पाक, कोमट असताना मळून लाटायचा. त्याची भुताची चादर होते, बोटं होतात, बोटाच्या टोकाला सोललेला अर्धा बदाम नख म्हणून. काजूची पूड करताना मिक्सर थांबवत थांबवत चालवा, नाहीतर तेल सुटतं. मार्शमेलो वितळवून जाळं ताणतात, ते दिसतं छान, पण साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून येतं. तुमच्याकडे अंडंही चालत नाही म्हणताय, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय आणू नका.

आणि मुलांच्या जिवाचं. कोळशाची काळी पूड घालून काळा केक करायची फॅशन आहे, ती घालू नका, कुणी औषध घेत असेल तर ते औषध त्यात शोषलं जाऊ शकतं. कोको आहे तेवढा काळा पुरे. धुरासाठी ड्राय आईस आणू नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तर भाजल्यासारखी जखम होते, आणि बंद खोलीत त्याचा वायू साठतो. केकच्या आत टूथपिक खोचून काही उभं करू नका, करावंच लागलं तर किती खोचल्या ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा आणि कापायच्या आधी तेवढ्या मोजून काढा. मी एकदा सहा लावल्या आणि पाच काढल्या. सहावी माझ्याच पदराला अडकलेली निघाली, पण ती सापडेपर्यंत मी कुणाला घास घेऊ दिला नव्हता. रंग वापरलाच तर एफएसएसएआयचा क्रमांक असलेल्या डबीतला, आणि टाचणीच्या टोकावर येईल एवढाच. कृत्रिम रंगाची मर्यादा बहुतेक खाद्यपदार्थांत १०० पीपीएम, म्हणजे किलोभर पदार्थात एक दशांश ग्रॅम. ते किती कमी आहे हे तराजूवर बघायला गेलात तर घरगुती काट्यावर आकडाच उमटत नाही.

वेळेचं असं करा. २९ तारखेला सामान आणि दुधाची पिशवी वाळवणं. ३० ला संध्याकाळी केक आणि कोळ्याच्या इडल्या, गार झाल्यावर झाकून बाहेरच ठेवा, या केकमध्ये दूध-दही नसल्याने एक रात्र त्याला काही होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. भोपळ्याचा केलात तर फ्रीजमध्ये. ३१ ला सकाळी ऊन चढायच्या आत जाळं, बसलं की केक फ्रीजमध्ये. दुपारी कोकमाचं रक्त करून गार करत ठेवा. पार्टीच्या तासभर आधी केक बाहेर काढा, वर थंडीचं दव धरेल, ते टिपू नका, आपोआप सुकतं. मग चकलीचे पाय, आणि सगळ्यात शेवटी, मुलं दारात आली की, त्यांच्यासमोर कडेवरून रक्त सोडा.

इमारतीतच न्यायचा आहे म्हणून बरं. मला चौके-धामापूरवरून कुडाळला केक पोचवायचा असतो तेव्हा मी ट्रेखाली ओला फडका घालते, म्हणजे वळणावर खोका सरकत नाही, आणि कोळी वेगळ्या डब्यातून नेते. जिन्यावरून उतरतानाही ओला फडका घाला.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकेक काप. ज्या तुकड्यावर कोळी बसलेला असतो, तो कुणाला द्यायचा हे सुरी हातात घ्यायच्या आधी ठरवून टाका. किंवा सोळा छोटे कोळी करा. इडलीपात्र एकदा लावलंच आहे तर दुसरा घाणा काढायला बारा मिनिटं लागतात.